एक्केचाळिसावी चौकट

चार सेकंद, फार तर.
राखी बगळा शारांतच्या पाण्यातून एक पाय उचलतो,
मान वळवतो,
आणि वळलेल्या मानेचाच एस होतो, सोलानमधला पहिला.
बाकीची अक्षरं काठावरच्या लव्हाळ्यासारखी मागून उगवतात.
एवढंच.
मग सिनेमा सुरू, मग आम्हाला कोण विचारतो.

शहात्तर साली मी चोवीस वर्षांची.
आंगुलेमची बंद पडलेली कागदगिरणी,
वरच्या मजल्यावर अजून लगद्याचा वास,
आणि मी सेलच्या पाठीमागून रंग भरतेय.
पाठीमागूनच भरायचा, म्हणजे पुढची रेघ बुडत नाही.
हातात सुती मोजा, दोन बोटं कापलेला.
अठ्ठेचाळीस बगळे. पिसांना बाटली क्रमांक सात.
आन्सेल्म खाली, तळघरात, कॅमेऱ्यापाशी:
एक सेल, दोन खटके,
एक सेल, दोन खटके.
जिन्यात भेटला तर मान हलवायचा. हो की नाही, ते कळायचं नाही.

प्रिंट धुऊन आली आणि पडद्यावर दिसलं,
एक्केचाळिसाव्या चौकटीपासून आभाळात एक केस.
बारा चौकटी, अर्धा सेकंद,
पातं लवलं तर गेला.
मालक लाव्हेर्न लालबुंद.
आन्सेल्म म्हणाला, काचेवर पडला असेल, दिसला नाही,
फिल्मचे पैसे द्या, पुन्हा काढतो.
पैसे नव्हते.
केस अकरा वर्षं आभाळात राहिला.
थिएटरात पोरं म्हणे त्याची वाट बघायची,
दिसला की ओरडायची: साप!

सत्याऐंशीला बगळा निऑनचा झाला,
काळ्या पोकळीत निळ्या चौकोनांवर उभा,
खाली सिंथेसायझरचे तीन सूर. पाणी रद्द.
अठ्ठ्याण्णवला पोलादाचा.
पाणी परत आलं, इतकं हुबेहूब की कुणाचे पाय भिजले नाहीत.
छातीवर एका खिडकीचं प्रतिबिंब चमकायचं,
मी ती खिडकी गिरणीभर शोधली.
तोवर माझ्या बाटल्या वाळल्या होत्या,
सात नंबरला तर दगडासारखी खपली.
दोन हजार नऊ साली पॅरिसवाल्यांनी स्टुडिओ घेतला.
त्यांनी आधी पाय काढला, मग डोळा, मग चोच.
उरला नारिंगी एस.
फोनवर नखाएवढ्या जागेत मावायला हवा, म्हणाले.
मावला.

परवा इलियेस आला, कॉम्प्युटर काखेत मारून.
पन्नास वर्षं झाली म्हणून जुना बगळा परत आणलाय,
तुम्ही बघा आधी, मादाम सिदोनी.
बघितला.
पाय उचलला, मान वळली,
आणि एक्केचाळीसला बरोब्बर केस.
मुद्दाम घातलाय, तो म्हणाला, आता प्रोग्राममध्ये मिळतो,
धूळ, ओरखडे, केस, हवं ते.
काळा होता. ताठ. पट्टी लावून मारलेल्या रेघेसारखा.
कुरळा होता तो, मी म्हटलं. आणि तपकिरी.
त्याने माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं
आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली.
आन्सेल्मच्या पुतणीने खोकी दिली होती,
त्यातला कॅमेऱ्याचा तक्ता,
रांगेने आकडे, रांगेने टिकमार्क,
आणि एक्केचाळीसच्या समोर पेन्सिलीने बारीक:
केस. पाहिला. राहू दे.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.
म्हणजे खटका दाबण्याआधी.
म्हणजे लाव्हेर्नसमोर तो सरळ खोटं बोलला,
तो, जो साधं बरं आहे असंही बोलायचा नाही.

इलियेसला वाटलं मला पाणी हवंय. उठून गेला.
मी तक्त्याचा वरचा कोपरा बघत होते.
वार लिहिला होता: गुरुवार.
माझ्या भाड्याच्या खोलीत गरम पाणी नव्हतं,
गुरुवारी दुपारी मी गिरणीच्या नळावर केस धुवायचे
आणि वाळवायला तळघरात बसायचे, बॉयलरशेजारी,
कॅमेऱ्यापासून दोन हातांवर.
धूळ येते म्हणून तिथे तो
मालकालाही उभं राहू देत नसे.